गादीखातं

गोदीतली नोकरी सुटून तिला अकरा वर्षं झाली होती आणि खोकला लागून दोन. पहिलं वर्षभर तिने त्या खोकल्याला दादच दिली नाही. आधी म्हणाली, हवा बदललीय. मग म्हणाली, वय झालं. मग दोष जिन्याला दिला. जिना होता तसाच होता, तिसऱ्या मजल्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या. पण आता दुसऱ्या मजल्यावर पोचली की ती कठडा धरून उभी राहायची आणि उतरणाऱ्या शेजारणीशी उगाच काहीतरी विषय काढायची. बोलण्यासाठी थांबलेय असं वाटावं, धाप लागलीय हे कळू नये, म्हणून.

नवरा पोस्टमन होता, आता निवृत्त. कानाने अधू झालेला. तिचा खोकला त्याला धड ऐकू यायचा नाही, पण सकाळी चहा घेताना तिच्या हातातला कप बशीत खडखडतो हे त्याने बरेच दिवस बघितलं. एक दिवस त्याने स्वतःचा कप खाली ठेवला.

"अगं, मी बहिरा आहे, आंधळा नाही. चल, ऊठ. दवाखान्यात जाऊ."

गोदीत सगळे तिला बारीकबाई म्हणायचे. ती अंगाने चांगली भरलेली, त्यामुळे नवीन माणसाला ही थट्टा वाटायची. पण नाव पडलं होतं ते तिच्या टाक्यावरून. दाभणासारख्या जाड सुईनेसुद्धा ती इतका बारीक टाका घालायची की मुकादम म्हणायचा, "बाई, आगबोटीचं काम आहे, लग्नाचा पोशाख नाही."

छातीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने नळी पाठीला लावून बराच वेळ ऐकलं, फोटो काढायला लावला, तो उजेडावर धरून बघितला, आणि मग खुर्ची ओढून समोर बसली.

"काम काय करायच्या तुम्ही?"

"शिवणकाम."

"घरीच?"

"छे, सरकारी नोकरी. नौदलाच्या गोदीत, एकवीस वर्षं. पण मी मुलकी कामगार हं, फौजेतली नाही."

"म्हणजे गणवेश शिवायच्या?"

"गणवेशाचं खातं शेजारी. आम्ही गाद्या शिवायचो."

"झोपायच्या?"

तिला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत नवऱ्यानेच उत्तर दिलं. "पाईपांच्या गाद्या. बोटीत वाफेचे पाईप असतात, त्यांना गुंडाळायच्या. ही मला रोज सांगायची, तेव्हा मला ऐकू यायचं."

"कशाच्या असायच्या त्या?"

"पांढऱ्या कापडाच्या," ती म्हणाली. "आत पांढरा कापूस. काडी लावली तरी जळायचा नाही. नवी पोरगी कामाला आली की आम्ही तिला गंमत म्हणून पेटवून दाखवायचो."

डॉक्टरीणबाईंनी पेन बंद केलं. "बाई, तो कापूस नव्हता. ॲस्बेस्टॉस होतं."

"ते तर छपराच्या पत्र्यात असतं ना?"

"त्यातही असतं. पत्र्यात सिमेंटने धरून ठेवलेलं असतं. तुम्ही ते मोकळं हाताळलंत."

मग त्यांनी फोटोवर बोट ठेवून सगळं सांगितलं. डोळ्यांना दिसणार नाहीत असे तंतू श्वासातून आत गेलेत. ते विरघळत नाहीत, बाहेर पडत नाहीत. फुप्फुसाचा खालचा भाग त्यांनी हळूहळू कडक केला, त्याला इतकी वर्षं लागली. बिघडलं ते परत फिरवणारं औषध नाही. जपायचं, तपासत राहायचं.

"आणखी एक. कामाचे कपडे कुठे धुवायच्या?"

"घरीच."

"तेव्हा घरात कोण कोण होतं?"

"हे होते. आणि लेक."

"दोघांचेही फोटो काढून घ्या."

नवऱ्याचा फोटो त्याच दिवशी निघाला. स्वच्छ होता. तो आयुष्यभर सायकलवर, दिवसभर बाहेरच्या हवेत. घरी परतताना बसमध्ये ती म्हणाली, "पोरीला एवढ्यात काही सांगू नका." तो खिडकीबाहेर बघत राहिला. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, हे तिने विचारलं नाही.

गादीखातं म्हणजे गोदीच्या मागच्या अंगाला एक लांबलचक शेड. मधोमध लाकडी टेबलं, दोन्ही बाजूंना मिळून वीस बायका. सकाळी पोती फोडायची. पोतं फोडलं की वरच्या खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा पांढरा होऊन जायचा. दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पिकलेल्या. "आल्या आल्या, म्हाताऱ्या आल्या," असं गणवेशाच्या खात्यातल्या बायका चिडवायच्या. जेवणाचे डबे त्याच टेबलावर, तळहाताने एकदा पुसून घेतलं की झालं.

महिन्यातून दोनदा मापं घ्यायला बोटीवर जायचं. तिथे फौजेतली पोरं जुन्या गाद्या फाडून काढत असायची. त्यांच्या तोंडावर रबरी मास्क, हातात हातमोजे. आणि दहा पावलांवर या दोघी-तिघी, डोक्याला रुमाल बांधून, फीत हातात धरून उभ्या.

हे पहिल्यांदा बोलली ती घारी. डोळे घारे म्हणून घारी. डावखुरी होती आणि जिभेला हाड नव्हतं. एका सकाळी तिने मुकादमाला सगळ्यांसमोर विचारलं, "त्यांच्या तोंडाला मास्क आणि आमच्या तोंडाला काय?"

"मास्क फौजेच्या नावावर आलेत. मुलकी कामगारांच्या नावावर आले की तुम्हाला देतो."

"आणि तोवर?"

"तोवर तोंड बंद ठेवायचं. दोन्ही अर्थांनी."

बायका हसल्या. घारी नाही हसली. तिने वहीचा कागद फाडून अर्ज लिहिला आणि पहिली सही बारीकबाईची मागितली, कारण खात्यात वयाने तीच मोठी होती. तिने सही केली, तर बाकीच्या करतील. बारीकबाईच्या घरी तेव्हा पोर लहान होती, नवऱ्याची बदली व्हायची होती, आणि मुकादमाच्या हातात पाळीचा तक्ता होता. ती म्हणाली, "गप्प बस गं. आपण आपलं काम करावं आणि घरी जावं." घारीने कागदाची घडी घालून पोलक्याच्या बाहीत खोचली. विषय संपला.

घारी जाऊन आता सहा वर्षं झाली होती. छातीचं काहीतरी, एवढंच तेव्हा कळलं होतं.

गोदीच्या कामगारांसाठी वैद्यकीय मंडळ होतं. आजार कामामुळे झाला हे ते मंडळ ठरवायचं, आणि तसं ठरलं की पुढचे सगळे उपचार त्यांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, बारीकबाईने अर्ज भरला. दोन महिन्यांनी अर्ज परत आला. ती स्वतः गेली. खिडकीतला कारकून वाईट नव्हता. त्याने फाईल उघडून तिच्याकडे फिरवली.

"हे बघा. कामाचा प्रकार: शिवण, कापड दुरुस्ती. धोक्याच्या कामांची यादी इथे आहे. बॉयलरवाले आहेत, वेल्डर आहेत, पाईपवाले आहेत. शिवण नाही."

"अहो, पाईपवाल्यांच्या हातात ज्या गाद्या जायच्या त्या आम्हीच शिवायचो."

"ते खरं असेल. पण कागदावर नाही."

"कागदाला धाप लागत नाही," ती म्हणाली.

कारकुनाने मान खाली घातली. "कोणीतरी वरच्या माणसाने लिहून द्यायला हवं. नाहीतर पुरावा."

तीन वेळा ती त्या इमारतीत गेली. प्रत्येक वेळी खिडकी तीच, बाक तेच, आणि परतताना पाय आणखी जड. तिसऱ्या खेपेनंतर तिने नवऱ्याला सांगितलं, "आता मुकादमाकडे जाते. तिथेही जमलं नाही, तर राहू दे सगळं."

मुकादम तळमजल्यावर लेकाकडे राहत होता. दार सुनेने उघडलं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, नाकात पारदर्शक नळी, बाजूला हवेचं यंत्र घरघरत होतं. बारीकबाई दारातच थांबली. इतके दिवस त्याला काय काय सुनवायचं ते तिने मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"बस," तो म्हणाला. "काय काम काढलंस ते कळलं मला."

"मग लिहून द्या. दोन ओळी. खात्यात काय शिवलं जायचं, एवढंच."

"सगळ्या कागदांवर माझी सही आहे. कापड दुरुस्ती म्हणून. वरून सांगितलं तसं लिहिलं. आता उलट लिहू? पेन्शन आहे, लेक त्याच गोदीत आहे."

"आणि ही नळी?"

"ही धूम्रपानाची, असं मी सांगतो."

"तुम्ही तर कधी विडीला हात लावला नाहीत."

तो यंत्राकडे बघत राहिला. तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं. भांडायलासुद्धा छातीत हवा लागते. सुनेने दिलेलं पाणी पिऊन ती उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"जुनं बॉयलरघर पुढच्या महिन्यात पाडतायत. किनाऱ्यावरचं, पोरांना शिकवायला होतं ते. तिथल्या गाद्या कुणी बदललेल्या नाहीत." मग थोडं थांबून, "मी काही बोललो नाही."

बॉयलरघर पाडण्याचं काम एका तरुण फौजी अधिकाऱ्याकडे होतं. पाडायच्या आधी तिथल्या गाद्या बघू द्या, असं बारीकबाईने त्याला पत्र लिहिलं, नवऱ्याने ते स्वतः जाऊन फाटकावर दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, हे आपलं, असं म्हणाला. आठ दिवसांत फोन आला. अधिकाऱ्याने मंडळाचा माणूसही बोलावला होता. तो तोच खिडकीतला कारकून.

बॉयलरघराच्या दाराबाहेर प्लास्टिकचा तंबू ठोकला होता. तिथे तिला पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख चढवला. मनगटाला चिकटपट्टी. एका खलाशाने तिच्या तोंडावर मास्क बसवला, पट्टे मागून ओढले, कडेने बोट फिरवून कुठे फट राहिली का ते बघितलं, पुन्हा ओढले. "जोरात श्वास घ्या, मावशी. हवा कडेने येते का?" तिला जोरात श्वास घेता येत नव्हता. पण त्याने इतक्या काळजीने विचारलं की तिने प्रयत्न केला.

"दहा मिनिटं," अधिकारी म्हणाला. "त्रास झाला तर हात वर करा. आणि कशालाही हात लावू नका."

"बरं," ती म्हणाली.

आत पाईपांची गर्दी होती. वाफ कधीच बंद झालेली, सगळीकडे गार आणि कळकट. गाद्या मात्र जागच्या जागी होत्या, प्रत्येक जोडावर, प्रत्येक झडपेवर. काही फाटून आतला कापूस लोंबत होता. ती एकेका पाईपापाशी थांबत पुढे गेली. तिसऱ्या झडपेपाशी तिला आपला टाका दिसला. कोपरा दोनदा दुमडलेला, गाठ आत लपवलेली. उगाच एवढी मेहनत केली होती. इथे कोण बघणार होतं?

तिच्या शेजारच्या गादीवर टाके उलट्या बाजूला कललेले होते. डाव्या हाताचे.

तिने अधिकाऱ्याला खुणेने बोलावलं. मास्कमुळे आवाज दबत होता, एकेक शब्द वेगळा काढावा लागत होता. "तो पदर उलटा करा. आत फीत असेल. खात्याचा शिक्का आणि नंबर. माझा सात. हिचा बारा."

पाडकाम करणाऱ्या माणसाने आधी पाण्याचा फवारा मारला, मग सावकाश पदर उलटला. फीत पिवळी पडली होती. शिक्का पुसट होता, पण वाचता येत होता: शिवण विभाग. खाली सात. कारकुनाने वाकून वाचलं आणि फोटो काढला. मग शेजारचा पदर. बारा. त्याचाही फोटो काढला. दोन्ही गाद्यांतला चिमूटभर कापूस डबीत घालून डबी बंद केली, वर लेबल लावलं.

बाहेर आल्यावर पोशाख उतरवताना कारकून तिला हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही लोक पडदे वगैरे शिवत असाल."

"तसंच लिहिलं होतं ना," ती म्हणाली. आणि खाली बसली, कारण उभं राहवत नव्हतं.

घरी पोचली तर लेक आलेली. लेक बालवाडीत शिकवायची, शाळा सुटली की थेट घरी जायची. कामाच्या दिवशी ती इथे दिसली म्हणजे नवरा बोलून बसला होता हे उघड होतं. तो स्वयंपाकघरात भांडी आवरत होता, आवरलेलीच पुन्हा.

"बाबांचा फोटो चार महिन्यांपूर्वी काढला," लेक म्हणाली. "माझा का नाही?"

"तू कामात असतेस."

"आई."

बारीकबाईने चपला काढल्या, खुर्चीवर टेकली. दम लागला होता, पण त्याआड लपायचं आता नको वाटलं. "काढला की कळेल ना. म्हणून नाही काढला."

"कळलं तर बरंच की."

"तुला वाटतं तसं. मला नाही वाटत. मी घरी आले की तू धावत येऊन माझ्या मांडीत डोकं खुपसायचीस. कपडे बदलू दे म्हटलं तरी ऐकायची नाहीस. आणि उरलेले तुकडे मी घरी आणायचे. इस्त्रीखाली घालायला, गरम भांड्याखाली ठेवायला. तुला बाहुलीची गादी करून दिली होती."

"आठवते."

"मीच दिली."

लेक म्हणाली, "चांगली मऊ होती." ते तिने रागाने म्हटलं की समजुतीने, हे आईला कळलं नाही. पोरीलाही बहुतेक ठाऊक नसावं. तिने पिशवी उचलली आणि जाताना दारात म्हणाली, "सोमवारी सुट्टी काढते. पण यापुढे माझ्या वतीने घाबरू नकोस. मला सांग, मी घाबरेन माझी."

डबीतल्या कापसाचा अहवाल यायला सहा आठवडे लागले. तो आल्यावर मंडळाने शिवण विभागाचं नाव धोक्याच्या यादीत घातलं. एकटीचं नाही, सगळ्या खात्याचं. पत्र चार ओळींचं होतं. तिने ते दोनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त झोप आली, आणि ती दुपारभर झोपली.

मंडळाने वीसही बायकांना तपासणीसाठी पत्रं धाडली. जुन्या पत्त्यांवर. त्यातली अकरा परत आली. हे कळल्यावर नवऱ्याने चष्मा लावला, कागद घेतला आणि टेबलाशी बसला. "पत्ता शोधायचा म्हणजे माझ्या घरचं काम." महिनाभर तो फिरला, शेजाऱ्यांना, वाण्यांना, जुन्या पोस्टमनना विचारत. चौघी गेलेल्या निघाल्या. एकीने दारच उघडलं नाही, आतून म्हणाली, "मला काही झालेलं नाही, आणि मला कळायलाही नको."

घारीच्या घरी बारीकबाई एकटी गेली. घारीचा नवरा एका खोलीत राहत होता, नीटनेटकी खोली, एक खुर्ची, एक खाट. तिने मंडळाचा कागद पुढे केला. घारीच्या नावाने अर्ज करता येईल, तिचा नंबर सापडला आहे, असं सांगितलं. त्याने कागद वाचून खाटेवर ठेवला.

"आता करून काय?"

"तिला काय झालं होतं ते तरी नोंदलं जाईल." मग ती म्हणाली, "तिने तेव्हाच विचारलं होतं, मास्कचं. मी तिला गप्प बसवलं."

"ठाऊक आहे. घरी येऊन सांगितलं होतं तिने. संध्याकाळभर तुमचा उद्धार चालला होता." त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "दुसऱ्या दिवशी डबा मात्र तुमच्याबरोबरच खाल्ला. मी विचारलं, तर म्हणाली, रुसून बसले तर लोणचं कुणाचं खाऊ. बसा. तीन मजले चढून आलात."

ती बसली. त्याने कागदावर सही केली आणि घडी घालून तो तिच्या हातात दिला.

तपासणीच्या दिवशी नऊ जणी आल्या. कोणाचे केस पिकलेले, कोणी काठी टेकत, एक नातवाला घेऊन. छातीच्या दवाखान्याच्या बाकांवर त्या ओळीने बसल्या आणि पहिली पाच मिनिटं कोणी कोणाला ओळखेना. मग एकजण दुसरीच्या पांढऱ्या भुवयांकडे बघून म्हणाली, "तुझ्या तर अजून झटकायच्या राहिल्यात," आणि सगळ्या हसल्या. मग सगळ्याच खोकल्या. परिचारिका दारातून डोकावून गेली.

लेकीचा नंबर मध्येच कुठेतरी लागला. त्या सोमवारच्या फोटोत नीट काही कळलं नव्हतं, म्हणून तीन महिन्यांनी दुसरा काढायला बोलावलं होतं. ती आत गेली, वीस मिनिटांनी बाहेर आली. बाहीचं बटण लावत आईशेजारी टेकली.

"डाव्या बाजूला खाली पातळसा डाग आहे. जुना. आता काही करायचं नाही म्हणाल्या. दरवर्षी दाखवायचं."

"वाढतो का तो?"

"वाढेल किंवा नाही वाढणार. त्यांनाही माहीत नाही." तिने घड्याळ बघितलं. "मला निघायला हवं. मुलं दुसऱ्या बाईंच्या वर्गात बसवून आलेय. तू थांबतेस?"

"दोघी राहिल्यात अजून. त्यांना जिना उतरून बसपर्यंत सोडते."

"तूच धापा टाकतेस, तू कोणाला सोडणार?"

"सावकाश जाऊ."

लेकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर दाबला आणि निघून गेली. आतून पुढचा नंबर पुकारला. शेजारची म्हातारी उठायला गेली, तिला उठवेना. बारीकबाईने एका हाताने बाक धरला, दुसरा हात तिच्या काखेत घातला आणि म्हणाली, "थांब. आधी मला श्वास घेऊ दे. मग उठू."